डॉकरचे जुने कंटेनर कसे काढायचे (आणि काढण्याआधी काय बघायचं)

रात्री साडेनऊला आमच्याकडे नवीनच लागलेल्या मुलाचा फोन आला. "दादा, टेस्ट सर्व्हरची डिस्क फुल झालीये. काहीच चालत नाहीये. सगळे कंटेनर उडवू का?"

त्याने विचारलं तरी. मी काही वर्षांपूर्वी असाच प्रश्न पडल्यावर कुणालाही न विचारता एक कमांड मारली होती, आणि पुढचा अख्खा दिवस चाचणीचा डेटा हाताने परत भरत बसलो होतो. त्या रात्री त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे थोडं विस्ताराने लिहितो. डॉकर, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरांत) चालवण्याचं साधन, नुकतंच हातात घेतलेल्यांसाठी आहे. मुरलेल्यांनी लॉगचा भाग तेवढा वाचला तरी चालेल.

कमांड मी देवनागरीत, म्हणजे फोनवर सांगतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजीत, सगळ्या लहान लिपीत टाइप करायच्या. पीएस म्हणजे पी आणि एस ही दोन अक्षरं, आरएम म्हणजे आर आणि एम. आडवी रेघ एक असेल तर पुढे सुटी अक्षरं येतात, दोन असतील तर पूर्ण शब्द.

कंटेनर काढला की काय जातं?

गणपतीचा साचा आणि त्यातून काढलेली मूर्ती डोळ्यांसमोर आणा. इमेज हा साचा, कंटेनर ही मूर्ती. एका साच्यातून हव्या तेवढ्या मूर्ती निघतात आणि एखादी विसर्जित केली म्हणून साच्याला काही होत नाही. पण त्या एका मूर्तीवर तुम्ही जे रंगकाम केलं असेल, ते तिच्याबरोबर पाण्यात जातं.

डॉकरमध्ये हे रंगकाम म्हणजे कंटेनरचा लिहिता येणारा पातळ थर. आत शिरून बदललेली कॉन्फिग फाइल, घाईत टाकलेलं एखादं पॅकेज, अपलोड झालेले फोटो, हे सगळं वेगळी सोय केली नसेल तर याच थरात असतं. कंटेनर काढला की हा थर जातो, त्याचे लॉग जातात आणि तो कोणत्या पोर्टवर, कोणत्या सेटिंगने चालू केला होता ती नोंदही जाते. शेवटची गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी हाताने मारलेली लांबलचक रन कमांड कुठेच लिहून ठेवलेली नसते. तो कंटेनर हाच तिचा एकमेव पुरावा असतो.

राहतं काय? इमेज राहते, नेटवर्क राहतं, होस्टवरचा (डॉकर ज्या मशीनवर चालतं तिथला) जोडलेला फोल्डर राहतो आणि नाव दिलेलं व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डॉकरने सांभाळलेली डेटाची जागा) राहतं. निनावी व्हॉल्यूमचं प्रकरण वेगळं आहे, त्याकडे येतोच.

आधी मशीन कोणतं ते बघा

हसू नका. दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडे असतात, एकात टेस्ट, एकात प्रॉडक्शन (खऱ्या वापराचा सर्व्हर), आणि दोन्हीकडे काळ्यावर पांढरी अक्षरं. म्हणून पहिली कमांड डॉकरची नाहीच:

`होस्टनेम`

दुसरी:

`डॉकर कॉन्टेक्स्ट एलएस`

डॉकरची कमांड तुमच्या लॅपटॉपवर मारलेली असली तरी ती लांबच्या सर्व्हरवर जाऊन काम करू शकते. ती सध्या कुठे जाते आहे ते या यादीत चांदणी असलेल्या ओळीवरून कळतं.

'परमिशन डिनाइड' असं आलं, तर तुमचा युजर डॉकरच्या ग्रुपमध्ये नाही. कमांडच्या आधी सुडो लावा, म्हणजे ती रूटच्या (मशीनच्या मुख्य युजरच्या) अधिकाराने चालते. पॉडमन (डॉकरसारखंच दुसरं साधन) वापरत असाल तर मात्र सुडो जपून लावा. तिथे बहुतेक कमांड डॉकरसारख्याच असल्या तरी तुमच्या युजरचे कंटेनर आणि रूटचे कंटेनर या दोन वेगळ्या याद्या असतात. सुडो लावून 'एकही कंटेनर नाही' असं दिसलं की नवीन माणूस घाबरतो. कंटेनर असतात, दुसऱ्या यादीत.

यादी वाचायला शिका

`डॉकर पीएस` फक्त चालू असलेले कंटेनर दाखवते. बंद पडलेले दिसायला हवेत तर:

`डॉकर पीएस -ए`

त्या मुलाच्या यादीत नऊ ओळी आल्या. दोन चालू, सात बंद. ज्याला नाव दिलेलं नसतं, त्याला डॉकर स्वतः बारसं करून नाव ठेवतं: एक इंग्रजी विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं किंवा तंत्रज्ञाचं आडनाव. त्या यादीत आपले रामानुजन आहेत, भास्कराचार्यही आहेत. ('कंटाळवाणे वॉझ्निअॅक' हे नाव मात्र कधीच तयार होत नाही. तसं होऊ द्यायचं नाही अशी अट नाव बनवणाऱ्या कोडमध्येच लिहून ठेवली आहे.) अशी आपोआप पडलेली नावं बहुधा कुणीतरी गंमत म्हणून चालवून सोडून दिलेल्या कंटेनरची असतात. बहुधा, नेहमीच नाही.

मग स्टेटसचा रकाना बघा. 'एक्झिटेड' आणि कंसात ० म्हणजे काम संपवून सुखाने थांबला. १ म्हणजे आत काहीतरी चुकलं. १३७ म्हणजे त्याला जबरदस्तीने मारलं: १२८ अधिक सिग्नल ९. मारणारा तुम्ही असाल किंवा मेमरी संपली म्हणून लिनक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) असेल. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, 'थांब' असं सांगितल्यावर थांबला. 'क्रिएटेड' म्हणजे तयार झाला पण कधी चाललाच नाही. बरेचदा पोर्ट आधीच दुसऱ्याने अडवलेला असतो. १३७ दिसला तर काढायच्या आधी लॉग वाचा, कारण काढल्यावर का मेला हे विचारायला कुणी उरत नाही.

डिस्क नेमकी कुणी खाल्ली?

"दादा, सात बंद आहेत, ते काढले की जागा होईल ना?" असं त्याने विचारलं. इथेच बहुतेक जण घसरतात. मी म्हटलं, आधी मोज.

`डॉकर पीएस -एएस`

यात प्रत्येक कंटेनरच्या त्या पातळ थराचा आकार दिसतो. बंद पडलेल्या सातांचा मिळून चारशे एमबीसुद्धा भरला नाही. डिस्क साठ जीबीची, ९८ टक्के भरलेली.

मग ही कमांड मारायला सांगितली:

`सुडो डीयू -एच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स`

(फोल्डरच्या नावापुढे चांदणी लावून हीच कमांड मारली तर चालत नाही. चांदणीचा अर्थ तुमचं शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) लावतं, आणि तुमच्या शेलला त्या फोल्डरमध्ये डोकावायची परवानगी नसते. सुडो त्यानंतर येतो.)

लांबलचक आयडीच्या फोल्डरांपैकी एकापुढे ३४ जीबी. आयडीची पहिली बारा अक्षरं यादीशी ताडून पाहिली तर तो चालू असलेल्या दोनपैकी एक, एपीआयचा कंटेनर निघाला. कुणीतरी त्याचं लॉगिंग डीबगवर (प्रत्येक बारीकसारीक गोष्ट नोंदवणाऱ्या पातळीवर) ठेवून दिलं होतं. डॉकरचा नेहमीचा लॉग प्रकार म्हणजे एक जेसन फाइल, आणि तिला मूळ सेटिंगमध्ये कमाल मर्यादाच नसते. ती वाढतच राहते. वर `पीएस -एएस`ने दाखवलेल्या आकारात हे लॉग धरलेले नसतात, म्हणून ही चोरी तिथे दिसत नाही.

म्हणजे त्याने विचारलं तसं बंद पडलेले सगळे उडवले असते, तरी डिस्क होती तिथेच राहिली असती. आणि चालू असलेले पण उडवले असते तर जागा झाली असती, पण त्यातला दुसरा डेटाबेस होता.

काढण्याआधीची झडती

ज्या कंटेनरवर हात टाकणार, त्याला आधी विचारा की तुझं सामान कुठे आहे:

`डॉकर इन्स्पेक्ट नाव`

'नाव'च्या जागी तुमच्या कंटेनरचं नाव किंवा आयडी. आयडी पूर्ण लिहायची गरज नाही; तो ६४ अक्षरांचा असतो, यादीत १२ दिसतात, आणि दुसऱ्या कुणाशी गोंधळ होणार नसेल तर पहिली तीन-चार अक्षरंही पुरतात. उत्तर भलंमोठं येतं. त्यात 'माउंट्स' हा भाग शोधा. प्रकार 'बाइंड' असेल तर डेटा होस्टवरच्या फोल्डरमध्ये आहे, निर्धास्त राहा. प्रकार 'व्हॉल्यूम' असेल तर त्याचं नाव वाचा. वाचता येईल असं नाव असेल तर ठीक. नावाच्या जागी ६४ अक्षरांची अगम्य माळ असेल तर ते निनावी व्हॉल्यूम, आणि तिथे थांबा.

माझा तो गेलेला दिवस याच माळेपायी गेला. पोस्टग्रेस या डेटाबेसचा कंटेनर मी व्हॉल्यूम न देता चालवला होता. पोस्टग्रेसची इमेज आपण काही दिलं नाही तर डेटासाठी गुपचूप एक निनावी व्हॉल्यूम करून घेते. नुसतं `आरएम` केलं असतं तर ते व्हॉल्यूम अनाथ होऊन डिस्कवर पडून राहिलं असतं, शोधता आलं असतं. मी कुठून तरी उचललेली `डॉकर आरएम -एफव्ही` मारली. त्यातल्या व्हीचा अर्थ निनावी व्हॉल्यूमही बरोबर घेऊन जा. ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं व्ही म्हणजे जरा जास्त माहिती छापणार, इतर कमांडमध्ये असतो तसा.

डेटाबेस असेल तर त्याच्याच साधनाने डंप (डेटाची पूर्ण प्रत) काढून घ्या. सुटी फाइल हवी असेल तर `डॉकर सीपी` बंद कंटेनरमधूनही फाइल बाहेर काढते. लॉग हवे असतील तर `डॉकर लॉग्ज`चं आउटपुट फाइलमध्ये वळवा. ३४ जीबीचे नको, `--टेल` लावून शेवटच्या काही हजार ओळी, आणि अर्थात दुसऱ्या डिस्कवर. आणि `इन्स्पेक्ट`चं अख्खं उत्तर एका फाइलमध्ये ठेवून द्या. ती हरवलेली रन कमांड त्यातून परत जुळवता येते.

एकेक काढणं

चालू कंटेनरवर सरळ `डॉकर आरएम` मारली तर डॉकर नकार देतं, आधी थांबवा म्हणतं. बरोबरच आहे.

`डॉकर स्टॉप नाव`

`डॉकर आरएम नाव`

`स्टॉप` आधी आतल्या मुख्य प्रोसेसला सभ्यपणे सांगतं की आवरतं घे. लिनक्सच्या कंटेनरला त्यासाठी दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात नाही थांबला तर सरळ मारतं. डेटाबेसला आवरायला जास्त वेळ हवा असेल तर `डॉकर स्टॉप -टी ६० नाव`. एखादा कंटेनर प्रत्येक वेळी बरोबर दहा सेकंद घेत असेल आणि १३७ने मरत असेल, तर आतला प्रोग्राम शेल स्क्रिप्टच्या पोटात चालतोय आणि 'थांब' हा निरोप त्याच्यापर्यंत पोचतच नाही, अशी दाट शंका घ्या. स्क्रिप्टमध्ये शेवटी प्रोग्रामच्या आधी 'एक्झेक' लिहिलं की बरेचदा सुटतं.

`आरएम` झालं की डॉकर फक्त ते नाव परत छापतं. 'नक्की का?' असं विचारत नाही. कचऱ्याचा डबाही नाही.

`डॉकर आरएम -एफ नाव` हे दोन्ही एकदम करतं, पण त्यात ते दहा सेकंद नाहीत, थेट मार. वेबसर्व्हरला चालतं. डेटाबेसला मी कधीच लावत नाही.

ढीग एकदम काढायचा असेल तर

`डॉकर कंटेनर प्रून`

ही थांबलेले सगळे कंटेनर काढते. आधी विचारते, तिथे वाय दाबायचं. पण कोणते जाणार त्यांची यादी ती दाखवत नाही, म्हणून आधी स्वतः बघून घ्यायची:

`डॉकर पीएस -ए --फिल्टर स्टेटस=एक्झिटेड`

'क्रिएटेड' असलेले या यादीत येत नाहीत, पण प्रून त्यांनाही घेऊन जातं, एवढं ध्यानात असू द्या.

प्रूनला `--फिल्टर अनटिल=२४एच` असंही सांगता येतं. यात एक मेख आहे. हे चोवीस तास कंटेनर तयार झाल्यापासून मोजतात, थांबल्यापासून नव्हे. महिन्याभरापूर्वी तयार केलेला आणि पाच मिनिटांपूर्वी तुम्ही दुरुस्तीसाठी थांबवलेला कंटेनर या गाळणीतून खुशाल निघून जातो. प्रून मारताना दुरुस्तीला काढलेलं काही आहे का, हे शेजारच्याला विचारलेलं बरं.

नेटवर तुम्हाला हमखास सापडेल ती दुसरी ओळ:

`डॉकर आरएम $(डॉकर पीएस -एक्यू)`

आतली कमांड सगळ्यांचे नुसते आयडी देते, बाहेरची ते काढते. प्रून आलं ते १.१३ या आवृत्तीत, जानेवारी २०१७ मध्ये. त्याआधी लोक हेच करायचे, म्हणून जुन्या लेखांत हेच दिसतं. या रूपात ती चालू कंटेनरना हात लावत नाही, त्यांच्यापुरती चूक दाखवते. पण मध्ये `-एफ` घुसवलं की त्या होस्टवर काहीही शिल्लक राहत नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल वापरा. सर्व्हरवर ही ओळ शेलच्या हिस्टरीतसुद्धा नको; वरचा बाण दोनदा जास्त दाबला जातो आणि एंटर आधीच पडलेलं असतं.

`डॉकर सिस्टिम प्रून` त्याहून मोठा झाडू आहे: थांबलेले कंटेनर, न वापरलेली नेटवर्कं, बेवारस (नाव न राहिलेल्या) इमेज आणि बिल्डचा साठा, सगळं. `-ए` लावलं तर कुठल्याच कंटेनरला लागत नसलेल्या सगळ्या इमेज जातात. `--व्हॉल्यूम्स` लावलं तर व्हॉल्यूमही, आणि इथे आवृत्ती बघावी लागते. २०२३ साली आलेल्या २३.० पासून यात फक्त निनावी व्हॉल्यूम जातात. त्याआधी न वापरलेली नावाचीही जायची. जुन्या सर्व्हरवर बसला असाल तर `डॉकर व्हर्जन` मारल्याशिवाय हा शब्द लिहू नका.

काढला तरी परत येतोय

मग तो तुमचा नाहीच, त्याला वर कुणीतरी धनी आहे.

कम्पोजने (एका फाइलवरून अनेक कंटेनर एकदम उभे करणाऱ्या डॉकरच्या साधनाने) उभा केलेला असेल तर त्या फाइलच्या फोल्डरमध्ये जाऊन `डॉकर कम्पोज डाउन`. कंटेनर आणि त्यांचं नेटवर्क जातं, व्हॉल्यूम राहतात. `डाउन -व्ही` मात्र फाइलमध्ये नाव देऊन ठेवलेली व्हॉल्यूमही काढतं. वरच्या `आरएम`मध्ये व्हीने फक्त निनावी जातात, इथे नावाचीही. एकाच अक्षराचे हे दोन अर्थ कुणी ठरवले त्याला एकदा भेटायचं आहे. फक्त तात्पुरतं थांबवायचं असेल तर `डाउन` नकोच, `स्टॉप` पुरे.

स्वॉर्म आणि कुबरनेटिस या अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या व्यवस्था. स्वॉर्म असेल तर सर्व्हिस काढावी लागते, कुबरनेटिस असेल तर डिप्लॉयमेंट. एकटा कंटेनर मारलात तर ते दुसरा आणून उभा करतात. त्यांचं कामच ते आहे.

'रिस्टार्ट'चं धोरण 'ऑल्वेज' असलेला कंटेनर नुसता थांबवून ठेवला असेल, तर डॉकर किंवा मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तो उठून बसतो. तुम्ही विसरलेले असता, तो विसरत नाही. नको असेल तर काढूनच टाका, किंवा धोरण 'अनलेस-स्टॉप्ड' ठेवा.

क्वचित एखादा 'डेड' दाखवतो किंवा 'डिव्हाइस बिझी' म्हणत अडून बसतो. थोडं थांबून पुन्हा `आरएम -एफ` करा. तरी हलला नाही तर डॉकरची सर्व्हिस रिस्टार्ट करावी लागते, पण 'लाइव्ह रिस्टोअर' (डॉकर बंद असतानाही कंटेनर चालू ठेवणारं सेटिंग) चालू नसेल तर त्यात बाकीचे कंटेनरही थांबतात, म्हणून वेळ बघून. डॉकरच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फोल्डर उडवायचा मोह टाळा. डॉकरच्या वहीत एक आणि डिस्कवर दुसरंच, असं झालं की ते निस्तरायला मला फोन करू नका.

त्या सर्व्हरचं पुढे काय झालं

एपीआयचा कंटेनर नव्याने उभा करणं भाग होतं, कारण लॉगची मर्यादा आधीच तयार असलेल्या कंटेनरला लावता येत नाही. `इन्स्पेक्ट`चं उत्तर त्याच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं, माउंट्स पाहिले (एकच बाइंड, होस्टवर सुखरूप), मग स्टॉप, मग आरएम. रन करताना जुन्या सेटिंगांबरोबर दोन गोष्टी वाढवल्या:

`--लॉग-ऑप्ट मॅक्स-साइझ=१०एम --लॉग-ऑप्ट मॅक्स-फाइल=३`

आता त्याचे लॉग तीस एमबीच्या आसपासच राहतील. आणि डीबग बंद केलं, हे सांगायला नकोच. डिस्क ९८ वरून ४१ टक्क्यांवर आली. एकदाच चालवून फेकायच्या कामांसाठी रन करतानाच `--आरएम` लावायचं, म्हणजे काम संपताच कंटेनर आपला आपण निघून जातो, हेही त्याला सांगून ठेवलं. फक्त त्याच्याबरोबर त्याचं निनावी व्हॉल्यूमही जातं.

"मग ते सात बंदवाले?"

जागेची घाई आता नव्हती, म्हणून एकेकावर ही कमांड मारून बघ म्हटलं:

`डॉकर डिफ नाव`

मूळ इमेजच्या तुलनेत आत कोणती फाइल नवी आली, कोणती बदलली, कोणती गेली, ते ए, सी आणि डी या अक्षरांनी ती सांगते. सहांमध्ये टेम्पररी फाइलींपलीकडे काही नव्हतं. सहाची नावं लिहून एकाच `आरएम`ने काढली. सातवा भास्कराचार्यांच्या नावाचा होता. त्यात एनजिनएक्स या वेबसर्व्हरच्या कॉन्फिगपुढे सी, आणि शेजारी त्याच फाइलच्या तीन प्रती: जुनी, जुनी२ आणि फायनल. कुणीतरी आत बसून बराच वेळ घालवलेला होता. `सीपी` करून त्या बाहेर काढल्या, टीमच्या ग्रुपवर 'हे कुणाचं?' असं टाकलं. दोन आठवडे झाले, भास्कराचार्य अजून तिथेच आहेत आणि फायनल कुणाची ते कुणी कबूल केलेलं नाही.